पाक पाणी, साफ पाणी : भवानी पेठेतील पाणी गिरणीच्या निमित्ताने

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशी नावे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडात पंचांगासारखी पाठ असत. कुणाचे लग्न कधी झाले, कुणाला मुलगा कधी झाला हे संपाच्या आणि भोंग्याच्या हिशेबाने सांगितले जाई. यंत्राने चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीला गिरणी म्हणायची या गावाला सवयच लागली असावी असे आम्हाला वाटते. कारण भवानी पेठेत जेथे शहराचे पाणी गाळले जाते, त्या जागेलाही लोक पाणी गिरणीच म्हणतात. महापालिकेच्या कागदावर तिचे नाव जलशुद्धीकरण केंद्र. पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघा, तो दोनदा विचारील.

आम्हाला लोकांचे नाव अधिक पसंत आहे. गिरणी म्हटले की काम आठवते, कामगार आठवतात, कच्चा माल आत जाऊन पक्का माल बाहेर पडलेला दिसतो. 'शुद्धीकरण' या शब्दाला मात्र आपल्या देशात फार जुना आणि नेहमीच निर्मळ नसलेला वास आहे. त्याबद्दल पुढे येईलच. सोलापूरचा इतिहास लिहिणारे सिद्धरामेश्वरांपासून सुरुवात करतात, किल्ल्यावर थांबतात, १९३० च्या मार्शल लॉपाशी येतात आणि गिरण्यांच्या राखेपाशी संपवतात. तो इतिहास खराच आहे. पण ज्या पाण्यावर ही सारी माणसे जगली ते पाणी कोणी, कसे, कशाने साफ केले, याचा हिशेब कुणी मांडत नाही. भवानी पेठेच्या निमित्ताने तो थोडा मांडून पाहावा असा आमचा विचार आहे.

मुसलमान घरात पाण्याबद्दल दोन शब्द चालतात : पाक आणि साफ. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण ते एक नाहीत. पाक म्हणजे धर्माच्या दृष्टीने पवित्र, ज्याने वुजू करता येते, कपडा धुता येतो. साफ म्हणजे डोळ्याला आणि शरीराला स्वच्छ. फिकहच्या पुस्तकांत पाण्याचे प्रकरण अगदी सुरुवातीला येते आणि तेथे पाण्याच्या तीन गुणांवर भर असतो : रंग, चव, वास. वाहत्या किंवा मोठ्या पाण्यात घाण पडून यांपैकी काही बदलले की ते पाणी नापाक. हौद किती मोठा म्हणजे त्याचे पाणी 'मोठे' समजावे, याचे हनफी उलेमांनी ठरवलेले माप दह दर दह, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद. दख्खनमधल्या अनेक जुन्या मशिदींचे हौद एवढे ऐसपैस का, याचे एक कारण या मापात आहे.

विहिरीचा नियम तर आणखी तपशीलवार आहे. 'हिदाया'सारख्या हनफी ग्रंथांत तो सापडतो. विहिरीत चिमणी किंवा उंदीर मेला तर वीस डोल पाणी उपसावे. कबुतर, कोंबडी किंवा मांजर मेले तर चाळीस. कुत्रा, बकरी किंवा माणूस मेला, किंवा लहान प्राणीही फुगून फुटला, तर सगळे पाणी काढावे. सोलापुरात जेव्हा वाड्यावाड्यांत आड होते, तेव्हा हे हिशेब घरोघरी माहीत होते. डोल मोजणारा एक, ओढणारे दोन, आणि काठावर उभे राहून मोजणीत चूक काढणारी एखादी आजी, असा तो प्रकार असे. आज हे वाचून हसू येईल. पण ज्या काळी जगात कुठेही सूक्ष्म जंतूंची कल्पना नव्हती, त्या काळी प्राणी किती मोठा, तो किती कुजला आणि त्याप्रमाणे किती पाणी बदलायला हवे, असे प्रमाण बांधून देणे ही सामान्य गोष्ट नव्हती. डोळ्याला जी घाण दिसते, नाकाला जी कळते, तिच्याविरुद्ध हा नियम उत्तम होता. अडचण एवढीच की पटकीचा जंतू रंग बदलत नाही, चव बदलत नाही, वासही देत नाही. आडापासून आठ हातांवर संडासाचा खड्डा असेल आणि तो जमिनीच्या पोटातून झिरपत असेल, तर चाळीस डोल काय आणि चारशे काय. फिकहला याचा दोष देता येणार नाही. तो तहारतचा शास्त्रार्थ आहे, वैद्यकाचा नाही. वैद्यकाचे काम हकीमांचे. आणि इब्न सीनाने आपल्या 'कानून'मध्ये वाईट पाणी उकळून आणि गाळून घ्यावे असे हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. आमच्या मोहल्ल्यांत फिकहची मसअले पाठ राहिली, हकीमाचे उकळणे सरपणाच्या भावापुढे टिकले नाही.

आता राज्यकर्त्यांकडे वळू. सोलापूरचा किल्ला बहामनी काळातला; पुढे तो आदिलशाही आणि निजामशाही यांच्यातल्या भांडणाचे मूळ झाला, हुंड्यात दिला-घेतला गेला. चांदबीबीच्या लग्नाच्या कथेतही तो आहे. किल्ल्याच्या अंगाला सिद्धेश्वराचे तळे. म्हणजे या गावाची जुनी तहान एका लिंगायत संताने खणवलेल्या तळ्याने आणि सुलतानांच्या विहिरींनी मिळून भागवली आहे. पण पाणी साफ करण्याची जी राजकीय कारागिरी म्हणावी, ती पाहायला विजापूर वेशीतून बाहेर पडून थेट विजापूरलाच जावे लागते. तेथे तोरवीकडून आणि १६५१ साली महंमद आदिलशहाने बांधलेल्या बेगम तलावातून मातीच्या नळांनी पाणी शहरात येत असे. वाटेत ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे उभे होते. त्यांना गंज म्हणतात, आणि आजही विजापुरात ते दिसतात. पर्यटक त्यांना बुरूज समजून पुढे जातात. या गंजांचे काम दुहेरी होते. नळातल्या पाण्याचा दाब तेथे मोकळा होई, म्हणून नळ फुटत नसत. आणि पाणी तेथे क्षणभर स्थिरावले की गाळ तळाशी बसे, वरचे निवळ पाणी पुढे जाई. औरंगाबादला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जी नहर बांधली, तिच्यातही हीच दृष्टी होती. निवळू देणे ही पाणी साफ करण्याची पहिली पायरी, आणि ती दख्खनला चांगली अवगत होती. भवानी पेठेतल्या निवळण टाक्यांची आजी-पणजी शोधायची असेल तर ती विजापूरच्या गंजांत शोधावी असे आम्ही म्हणू.

हौदापासून घरापर्यंत पाणी नेणारा माणूस मात्र इतिहासातून गळून गेला आहे. तो भिस्ती, किंवा दख्खनी बोलीत पखाली. पाठीवर मशक, नाहीतर बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी कातडी पखाल. या कामात मुसलमानांची संख्या मोठी होती. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत बुडणाऱ्या हुमायूनला मशकीच्या आधाराने वाचवणाऱ्या निजाम भिस्त्याला बादशहाने काही काळ तख्तावर बसवले, ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. पण ज्याच्या पूर्वजाने तख्त पाहिले त्या जमातीचे पुढे काय झाले, हे सांगत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर नळ आला, आणि पखालीचा धंदा एका पिढीत बसला. बरे, आरोग्याच्या हिशेबाने तो बसला हे योग्यच झाले. कातड्याची पखाल आतून घासून स्वच्छ करता येत नाही. एका घाण आडावर भरलेली पखाल दुसऱ्या दिवशी दहा घरांत ती घाण वाटून येई. ही गोष्ट कबूल करूनही, ज्यांची रोजी गेली त्यांना त्या नव्या नळाच्या खात्यात चावीवाल्याचे तरी काम कुणी देऊ केले होते का, हा प्रश्न उरतो.

नळाचे पाणी आले ते एकरुखच्या तलावातून. सोलापूरकर त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. आदिला नावाच्या ओढ्यावजा नदीवर इंग्रजांनी मातीचे धरण घातले आणि ते १८७१ मध्ये पुरे झाले : सुमारे एकवीस मीटर उंच, सव्वादोन किलोमीटरहून अधिक लांब. तलाव बांधला तो मुख्यतः शेतीसाठी. त्यानंतर पाचच वर्षांनी १८७६ चा दुष्काळ आला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. आष्टीचा तलाव त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या भुकेल्या हातांनी उभा राहिला. दुष्काळ सरला तशी गिरण्यांची संख्या वाढली, खेड्यांतून माणसे शहरात आली. तेलंगणातून पद्मशाली आले, मोमीन विणकर तर आधीपासून होतेच. १९०१ साली पाऊण लाखाच्या घरात असलेले हे शहर २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर गेले. एवढ्या माणसांना आड पुरणार नव्हते. आड पुरले असते, तरी सुरक्षित राहिले नसते.

कारण पटकी. हिला आमच्याकडे हैजा किंवा वबा म्हणत, शेजारी मरीआई म्हणत. पंढरपूर याच जिल्ह्यात. वारीला लाखो माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत, तेच पाणी पीत, तेथेच विधी करीत आणि परतीच्या वाटेवर रोग गावोगाव वाटत जात. मोहल्ल्यात वबा आली की अजान दिली जाई, शेजारच्या आळीत मरीआईचा गाडा निघे. दोघांनाही वाटे की रोग हवेतून किंवा कोपातून येतो. लंडनचे डॉक्टरही फार वेगळे नव्हते. त्यांनाही दुर्गंधीयुक्त हवाच दोषी वाटे. १८५४ मध्ये जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती मेलेल्यांची घरे मोजून दाखवली, तरी त्याचे म्हणणे पटायला वर्षे गेली. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्याच्या रुग्णांत आणि तेथल्या एका तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवला, तेव्हा कुठे चोर हाती लागला.

तरीही खरा निकाल लागला तो १८९२ साली जर्मनीत, आणि ती हकिगत इतकी बोलकी आहे की जरा थांबून सांगितली पाहिजे. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एल्ब नदीवरची दोन जोडशहरे. आपल्याकडे दोन पेठा असाव्यात तशी, रस्त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. दोघांचे पाणी त्याच नदीचे. उलट आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सारी सांडपाण्याची घाण मिसळल्यावरचे पाणी त्याच्या वाट्याला. पण आल्टोना ते पाणी वाळूतून गाळून देत होते, हॅम्बुर्ग तसेच नळात सोडत होते. त्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये पटकीने आठ हजारांवर माणसे मेली. आल्टोना जवळजवळ वाचले. एका सीमेवरच्या वस्तीत तर हॅम्बुर्गच्या हद्दीत असूनही आल्टोनाचे पाणी पिणारी घरे सुखरूप राहिली. हवा एक, जमीन एक, नदी एक. फरक फक्त वाळूच्या थराचा.

वाळू हे कसे करते? चाळणीने पीठ चाळावे तसे, हा समज चुकीचा आहे. जंतू वाळूच्या फटींपेक्षा कितीतरी लहान असतो. पाणी सावकाश झिरपू दिले की वाळूच्या वरच्या अंगावर काही दिवसांत एक चिकट, जिवंत साय धरते. त्या सायीत राहणारे निरुपद्रवी जीव रोगजंतूंना अडवतात, खातात. गंमत अशी, की नवी कोरी धुतलेली वाळू जुन्या वापरातल्या वाळूपेक्षा वाईट गाळते. शहरे वाढली तसे एवढ्या सावकाशीला जागा आणि वेळ राहिला नाही. मग जलद गाळण्या आल्या, आणि त्यांच्याआधी तुरटी. तुरटी पाण्यात विरघळली की कापसाच्या पुंजक्यासारखा साका तयार होतो. तरंगणारी माती, शेवाळ आणि जंतूंचा मोठा भाग त्याला चिकटून तळाशी बसतो. आमच्या आज्या रांजणात तुरटीचा खडा दोनदा गोल फिरवीत, तेच काम ही केंद्रे पोत्यांच्या हिशेबाने करतात. तुरटी, निवळण, वाळू आणि शेवटी क्लोरीन, हा भवानी पेठेतल्या गिरणीचाही क्रम, आणि जगातल्या बहुतेक पाणी गिरण्यांचा.

क्लोरीन हा या सगळ्यांत धाकटा. त्याच्या आधी विहिरींत लाल औषध टाकत. पोटॅशियम परमँगनेट टाकून विहिरीचे पाणी गुलाबी करण्याचा पुरस्कार आग्र्याच्या हॅन्किन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात केला, आणि गावोगावचे लोक त्याला घाबरले. सरकार विहिरीत विष टाकते अशा वावड्या पटकीच्या साथीत देशभर उठत. पाण्यात क्लोरीन नित्य घालण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोप-अमेरिकेत रुळली. अमेरिकेत जर्सी सिटीने ती १९०८ मध्ये सुरू केली. आपल्याकडे ती ब्लीचिंग पावडरच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या टीसीएलच्या रूपाने ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली. आणि तिच्याबरोबर तक्रारही पोहोचली : पाण्याला दवाईचा वास येतो. "ये पानी पीने का नक्को, गला पकडता," असे म्हणत आमच्या मोहल्ल्यांत कित्येक घरे हापशावर गेली. काहींना वुजूचीही शंका आली, कारण वास बदलला म्हणजे तीनांपैकी एक गुण गेला! पण ज्या हनफी पुस्तकांत वीस डोलांचा हिशेब आहे, त्याच पुस्तकांत याचेही उत्तर आहे. केशर, साबण किंवा पुराची माती अशी पाक वस्तू मिसळून पाण्याचा एखादा गुण बदलला, तरी त्याचे पाणीपण टिकून असेल तर त्याने तहारत होते. म्हणजे मसअला अडत नव्हता. अडत होती ती सवय.

येथे 'शुद्धीकरण' या शब्दाकडे आम्ही पुन्हा येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी पाणी प्यायले. त्या तळ्यावर मुसलमानांना, ख्रिस्त्यांना मज्जाव नव्हता, जनावरांनाही नव्हता. फक्त अस्पृश्यांना होता. त्यांनी पाणी प्याल्यावर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले. कसे, तर १०८ घागरी पाणी बाहेर काढून आणि शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून. आरोग्यखात्याच्या डोळ्यांनी पाहिले तर त्या दिवशी स्वच्छ तळे घाण केले गेले आणि त्याला शुद्धी हे नाव मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांच्या परिषदेला महाडात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण ज्या तळ्यावर आपल्याला पाणी मिळत होते आणि शेजाऱ्याला नव्हते, त्या तळ्यावर आपण इतकी वर्षे गप्प भरत होतो, हेही त्याच हकिगतीत आहे. नगरपालिकेच्या नळाने ही घागरींची शुद्धी निकालात काढली. वाळूतून आलेले पाणी कुठल्या पेठेत जाते हे वाळूला कळत नाही. जातिभेद नळाने मिटवला असे नाही. नळकोंडाळ्यावर वेगळ्या रांगा होत्या, भांडणे होती. पण एकाच नळातून आलेल्या पाण्याला वेगवेगळे पावित्र्य लावणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

पाणी साफ करण्याच्या इतिहासात आणखी एक साधन आहे. ते कुठल्याही अहवालात पहिल्या पानावर येत नाही, आणि सोलापूरने तरी ते विसरू नये. ते म्हणजे कापड. घागरीच्या तोंडाला बांधलेले जुने, मऊ, चौपदरी फडके. कुणाच्या घरी धोतराचा तुकडा, कुणाच्या घरी मलमलची ओढणी. नारू हा रोग आजच्या मुलांना ठाऊकही नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत रुग्ण उतरला की त्याच्या पायातल्या जखमेतून नारूची पिल्ले पाण्यात पडत. एका बारीक पाणपिसवेच्या पोटात ती वाढत, आणि ती पिसू पाण्याबरोबर पोटात गेली की वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखा किडा कातडी फोडून बाहेर येई. महाराष्ट्रात हा रोग होता. देशात १९८० च्या दशकात मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हापसे बसले आणि दुहेरी कापडातून पाणी गाळायचे शिक्षण घरोघरी दिले गेले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. या रोगावर ना लस आहे ना औषध. तो गेला तो विहीर आणि फडके यांच्या जोरावर.

बांगलादेशात तर याहून नवलाची गोष्ट सिद्ध झाली. रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी मतलब भागातल्या खेड्यांत बायकांना जुन्या सुती साडीची घडी करून, चार पदर किंवा अधिक, पाणी गाळायला सांगितले. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्या गावांत पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. जंतू कापडातून आरपार जाईल एवढा लहान, पण तो बहुधा पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते प्राणी कापडावर अडतात. आणि नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे तंतू फुगतात आणि फटी बारीक होतात. चादरीच्या गावात जन्मलेल्या माणसाला हे वाचून काय वाटते ते आम्ही वेगळे सांगत नाही. कापड विणणारा हातही आमचाच, आणि ते धुऊन घागरीला बांधणारा हातही आमच्याच घरातला. दोघांनाही शाळेचे तोंड फारसे पाहायला मिळाले नाही.

आता सोलापूरचे पाणी तीन वाटांनी येते. हिप्परग्याचे भवानी पेठेत, भीमेवरच्या टाकळीचे सोरेगावात, आणि उजनीहून नळाने पाकणीला. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले. तेव्हा कुणाच्या मनात आले नसेल की पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून याच जलाशयात येऊन थांबेल. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे दिसते ते त्यामुळे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर निळे-हिरवे शेवाळ माजते. अशा पाण्याला तुरटी अधिक लागते, क्लोरीन अधिक लागते, वासही अधिक राहतो. म्हणजे पुणेकरांच्या मोऱ्यांचा खर्च सोलापूरकरांच्या तुरटीच्या पोत्यांत दिसतो. याबद्दल सोलापूरने भांडले पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते भांडण पाण्याच्या वाटपाइतक्याच जोराने झाले पाहिजे. आजवर पाणी किती हे विचारले गेले, पाणी कसे हे कमी विचारले गेले.

पण गिरणीतून पाणी चांगले निघाले तरी घरात ते तसेच पोहोचेल याची हमी नाही, आणि खरे दुखणे येथे आहे. गेली कित्येक वर्षे सोलापूरच्या बहुतेक भागांना रोज पाणी मिळाले नाही. दोन, तीन, कधी चार-पाच दिवसांआड मिळाले. पाण्याने भरलेला आणि दाबाखाली असलेला नळ फुटला तर आतले पाणी बाहेर येते, बाहेरचे आत जात नाही. नळ रिकामा झाला की उलट होते. शेजारून जाणाऱ्या गटारीचे पाणी त्याच फटीतून आत ओढले जाते. त्यात ज्याची ऐपत आहे तो नळाला मोटार लावतो, आणि मोटार पाण्याबरोबर ही घाणही खेचते. मग पहिली दहा मिनिटे गढूळ पाणी सोडून द्यायचे. पण पाच दिवसांनी आलेले पाणी मोरीत सोडायला मन धजत नाही. पाच दिवस पिंपात साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, तो डेंग्यूचा वेगळाच अध्याय. भवानी पेठेच्या आसपास यंत्रमागाचे खडखडाट रात्रभर चालतात, बायका घरी बिड्या वळतात. पाणी रात्री दोनला आले तर हजार बिड्यांचा हिशेब सकाळी कमी भरतो. पाण्याची ही किंमत कुठल्याच पाणीपट्टीत धरलेली नसते.

ज्यांना परवडते त्यांनी घरात आरओ बसवला. ज्यांना तेही नाही ते वीस लिटरचा जार घेतात आणि त्याला 'फिल्टरचे पाणी' म्हणतात. बोअरचे पाणी जड, मचूळ, कधी नायट्रेटचे प्रमाण जास्त असलेले, म्हणून आरओ घेतला तर समजू शकते. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होते; क्लोरीनचाही त्याला काही उपयोग नाही. भारतीय मानकाने त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे. पण तलावाच्या गोड्या पाण्याला आरओ लावणे म्हणजे पाण्याचा मोठा वाटा मोरीत ओतणे. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओवर बंदी आणावी, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. जाराचे तर विचारूच नका. त्यातले बरेचसे कुठल्याही परवान्याशिवाय भरले जातात. पाणी थंडगार असते, एवढीच त्याची खात्री. जीभ गार झाली की मन साफ मानते. रंग, चव, वास या तीन साक्षीदारांत आम्ही थंडपणा हा चौथा खोटा साक्षीदार आणून बसवला आहे.

आमच्या मोहल्ल्यांतल्या मशिदींच्या कमिट्यांनी वुजूखान्यात संगमरवर बसवला, गीझर बसवले. मोहरमच्या सबिलींवर सरबताची रोषणाई झाली. त्याच पैशातून काही रुपयांची एक लहान पेटी मिळते. परीक्षानळीत नळाचे पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. पूर्वीच्या ओटी टेस्टमध्ये ते पिवळे होई, आता गुलाबी होणारे औषध वापरतात. रंग पत्त्यावरच्या रंगाशी ताडून पाहायचा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसला तर समजायचे, की भवानी पेठेतून निघताना पाण्याबरोबर दिलेला राखणदार वाटेत मेला नाही, गल्लीपर्यंत जिवंत आला. रंग आलाच नाही, तर पाणी दिसायला कितीही नितळ असो, वाटेत कुठेतरी गटार भेटलेली असू शकते. मग ते पाणी उकळायचे, आणि वार, वेळ, गल्ली लिहून प्रभागाच्या कचेरीत अर्ज द्यायचा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. चाळीस डोल मोजता येणाऱ्या आज्यांच्या नातींना चार थेंब मोजणे कठीण नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरती इयत्ता शिकलेली एक मुलगी प्रत्येक गल्लीत आहे, आणि पाणी रात्री दोनला आले तरी ते भरायला उठणारीही बहुधा तीच असते.